अधिकार ही ठेव आहे
(धर्मग्रामाच्या ज्युबिली-महोत्सवानिमित्त सेलू येथे भरलेल्या सभेत केलेले भाषण)



ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगी ‘लोकसेवा’ ह्या विषयावर मी चार शब्द बोलावे, अशी महोत्सव-समितीची आज्ञा झाली. वक्तृत्वाचा गुण माझ्या अंगी नाही, हे समितीस ठाऊक नव्हते असे नाही. तरीही वडीलधाऱ्यांची आज्ञा मोडवत नाही, म्हणून आपणासमोर उभा आहे. बोलण्यात काही उणे-अधिक झाल्यास आपण ते पदरात घ्यावे, एवढीच प्रारंभी विनंती.

अशा प्रसंगी संतांची, मिशनरी धर्मगुरूंची, शाळा-दवाखान्यांत आयुष्य झिजविणाऱ्या भगिनींची चरित्रे सांगण्याची आपल्याकडे वहिवाट आहे, आणि ती सर्वथैव योग्य आहे. मी मात्र आज एका पोलीस अधिकाऱ्याचे चरित्र सांगणार आहे. हे ऐकून कित्येकांस नवल वाटेल. पोलीस आणि सेवा हे दोन शब्द एका श्वासात उच्चारण्याची आपल्याला सवय नाही. आज सकाळपासून चर्चच्या फाटकापाशी बंदोबस्तासाठी दोन शिपाई उन्हात उभे आहेत. आत येताना आपल्यापैकी किती जणांनी त्यांच्याकडे वळून पाहिले, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे. मीही पाहिले नाही, हे कबूल करतो. त्या न पाहण्याचे थोडेसे प्रायश्चित्त म्हणून हे भाषण आहे, असे समजले तरी चालेल.

पोलिसांविषयी आपल्या मनात जी अढी आहे, ती निष्कारण नाही. १८६१ साली ह्या देशात पोलिसांचा कायदा झाला, तो १८५७ च्या उठावाची धास्ती ताजी असताना. प्रजेचे रक्षण हा त्याचा दुय्यम हेतू होता. प्रजेस दबावात ठेवणे हा मुख्य. त्याचे फळ आपल्याच वर्धा जिल्ह्याने भोगले आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी आष्टी गावचे लोक ठाण्यावर चालून गेले. पोलिसांच्या गोळीबारात गावकरी पडले; संतापलेल्या जमावाच्या हातून ठाण्यातील पोलीसही प्राणास मुकले. हुतात्म्यांची नावे आपण आदराने घेतो, आणि घ्यावीतच. परंतु त्या ठाण्यातील शिपाईही याच मातीतील गोरगरिबांची मुले होती, पोटासाठी त्यांनी तो पट्टा कमरेस बांधला होता, हेही विसरता येत नाही. परक्या सत्तेने एकाच देशाची लेकरे एकमेकांसमोर उभी केली, हे त्या दिवसाचे खरे दुःख होय.

ह्याच जिल्ह्यात, सेवाग्रामच्या कुटीत राहून, गांधीजींनी पोलिसांविषयी निराळाच विचार मांडला होता. अहिंसक राज्यातही पोलीस लागतील, हे त्यांनी १९४० साली ‘हरिजन’ पत्रात मान्य केले. मात्र ते पोलीस लोकांचे धनी नसून चाकर असतील, आणि लोक त्यांना आपणहून साह्य करतील, अशी त्यांची कल्पना होती. म्हणजे आष्टीचे ठाणे आणि सेवाग्रामची कुटी ही दोन्ही आपलीच. एकीने अधिकार कसा नसावा हे दाखविले, दुसरीने कसा असावा हे सांगितले. ह्या दोहोंमधील वाट एखादा मनुष्य प्रत्यक्ष कशी चालतो, हे पाहावयाचे असेल तर श्री. ज्युलिओ रिबेरो यांचे चरित्र पाहावे.

रिबेरो यांचा जन्म ५ मे १९२९ रोजी मुंबईत, मूळच्या गोव्याच्या एका कॅथोलिक घराण्यात झाला. १९५३ साली ते भारतीय पोलीस सेवेत दाखल झाले. स्वातंत्र्यास त्या वेळी जेमतेम सहा वर्षे झाली होती. गोऱ्या साहेबाच्या जागी काळा साहेब बसला, एवढाच बदल व्हावयाचा की साहेबाच्या जागी सेवक यावयाचा, हा प्रश्न त्या पिढीच्या प्रत्येक अधिकाऱ्यापुढे होता. त्यानंतरची सुमारे ३६ वर्षे ते सरकारी सेवेच्या त्या वाटेने चालत राहिले. बढत्या, बदल्या, पदके यांची जंत्री मी येथे वाचणार नाही. ज्या प्रसंगी मनुष्याची कसोटी लागते, असे दोन-चार प्रसंग तेवढे सांगतो.

पहिला प्रसंग मुंबईचा. १९८२ साली ते मुंबईचे पोलीस कमिशनर झाले. त्याच वर्षीच्या १८ जानेवारीपासून गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला होता. गिरणगाव धगधगत होता. अशात ऑगस्ट महिन्यात खुद्द पोलीस शिपायांचेच बंड झाले. सरकारने त्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेतली, पुढाऱ्यांना अटक झाली, आणि १८ ऑगस्ट १९८२ रोजी शिपाई रस्त्यावर आले. शहरात दंगल उसळली, लष्कर बोलवावे लागले. जो कमिशनर आपल्या शिपायांच्या बळावर शहर राखतो, त्यालाच शिपायांविरुद्ध उभे राहण्याची वेळ आली. घरातला वडील माणूस आपल्याच मुलाविरुद्ध साक्ष देतो तेव्हा त्याला जे वाटत असेल, तेच ह्या मनुष्यास वाटले असेल. शिपायांच्या तक्रारी खोट्या नव्हत्या. अपुरा पगार, न संपणारी पाळी, राहावयास एका खोलीचे बिऱ्हाड, साहेबाच्या घरची हलकीसलकी कामे, हे सर्व खरे होते. परंतु ज्याच्या हाती शस्त्र दिलेले आहे, त्याने ते स्वतःच्या गाऱ्हाण्यासाठी खाली ठेवावे, की शहर वाऱ्यावर सोडावे, हाही प्रश्न तितकाच खरा होता. पुष्कळ शिपाई बडतर्फ झाले. कोणाची बाजू किती न्याय्य होती, ह्याचा निवाडा आज येथे करावयाचा नाही. अधिकार म्हणजे मखमलीची गादी नव्हे, एवढे मात्र त्या प्रसंगाने दाखविले.

दुसरा प्रसंग १९८४ सालचा. मे महिन्यात भिवंडीत हिंदू-मुसलमानांची दंगल पेटली, आणि तिची झळ ठाणे व मुंबईपर्यंत पोहोचली. दोनशेहून अधिक माणसे मेली. दंगल शमविता येते, परंतु शमलेली दंगल राखेखाली जिवंत राहते, हा अनुभव त्या पिढीच्या अधिकाऱ्यांनी तेव्हा घेतला. ह्या अनुभवाचे पुढे काय झाले, ते थोड्या वेळाने सांगेन.

तिसरा प्रसंग पंजाबचा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. मुंबईहून त्यांना १९८५ साली दंगलीत होरपळणाऱ्या गुजरातेत पोलीसप्रमुख म्हणून धाडण्यात आले. तेथून केंद्रीय राखीव पोलीस दलाचे महासंचालकपद आणि दिल्लीच्या गृहखात्यात सचिवाच्या दर्जाचे स्थान त्यांना मिळाले. सुखाची नोकरी, मोठा मान, निवृत्ती दोन हाकांवर. अशा वेळी, १९८६ च्या मार्च महिन्यात, पंतप्रधान राजीव गांधी यांनी त्यांना पंजाबचे पोलीस महासंचालक म्हणून जाण्यास सांगितले. हे पद त्यांच्या तत्कालीन पदाहून खालचे होते. मंडळी, नोकरीपेशातील आपणा सर्वांस ठाऊक आहे की, मनुष्य एक वेळ संकट पत्करील, पगार कमी झालेला सोशील, पण दर्जा खाली गेलेला त्याला सोसत नाही. कचेरीत खुर्चीची जागा बदलली तरी आपल्याला रात्री झोप येत नाही! आणि येथे एक मनुष्य खालची पायरी स्वीकारतो, तीही अशी की जेथे मृत्यू दाराशी उभा आहे. ते गेले.

मृत्यू खरोखरच दाराशी होता. त्या वर्षीच्या १० ऑगस्ट रोजी निवृत्त लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांची पुण्यासारख्या शांत शहरात भर दिवसा हत्या झाली. नंतर दोन महिनेही झाले नाहीत तोच, ३ ऑक्टोबर १९८६ रोजी, जालंदर येथील पंजाब सशस्त्र पोलिसांच्या मुख्य ठाण्याच्या आवारातच रिबेरो यांच्यावर हल्ला झाला. हल्लेखोर पोलिसांच्याच गणवेषात आले होते. रिबेरो व त्यांच्या पत्नी जखमी झाल्या. त्यांच्या रक्षणास असलेला एक जवान प्राणास मुकला. त्या जवानाचे नाव आज कोणाच्या ओठांवर नाही. साहेबांच्या गौरवाच्या भाषणात हे अर्धे वाक्य त्याच्यासाठी राखून ठेवावे, एवढे तरी आपण त्याचे देणे लागतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. देवाच्या मंदिराच्या अंगणात उभे राहून अर्धे सत्य सांगणे मला शोभणार नाही. ‘गोळीस गोळी’ हे शब्द त्या काळापासून रिबेरो यांच्या नावाशी जोडले गेले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मचरित्रास त्याच अर्थाचे इंग्रजी नाव आहे. पंजाबच्या त्या काळ्या वर्षांत अतिरेक्यांनी असंख्य निरपराध माणसे मारली. आणि पोलिसांच्या हातूनही न्यायालयाची वाट न पाहता माणसे मारली गेली, असे गंभीर आरोप मानवी हक्कांच्या संस्थांनी केले. ज्या आईचा मुलगा घरातून नेला तो परत आलाच नाही, तिच्यापुढे कोणत्याही पदकाची चमक फिकी पडते. ख्रिस्ती अंतःकरणाने हे विसरता कामा नये. थोर माणसाचा गौरव करताना त्याच्या काळावरचे डाग झाकावे लागत असतील, तर तो गौरव नव्हे, ती खुशामत होय. रिबेरो यांच्यासारख्या स्पष्टवक्त्याचा खुशामतीने अपमानच होईल.

१९८७ साली भारत सरकारने त्यांना ‘पद्मभूषण’ हा किताब दिला. पुढे पंजाबच्या राज्यपालांचे सल्लागार म्हणून काम करून १९८९ साली ते रुमानियात भारताचे राजदूत म्हणून गेले. वैर मात्र त्यांच्या मागोमाग समुद्रापलीकडे गेले. ऑगस्ट १९९१ मध्ये बुखारेस्ट शहरात त्यांच्यावर पुन्हा गोळ्या झाडण्यात आल्या. तेव्हाही जखमांवरच निभावले. १९९३ साली ते मायदेशी परतले. वय चौसष्ट. दोनदा मृत्यूच्या जबड्यातून सुटलेल्या, सर्व मानसन्मान लाभलेल्या माणसाने आता आरामखुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचावे, नातवंडांस गोष्टी सांगाव्या, ह्यात कोणाला काही गैर वाटले नसते.

परंतु माझ्या मते त्यांच्या सेवेचा अधिक मोलाचा भाग येथूनच सुरू होतो, आणि त्यासाठीच मी हे चरित्र निवडले.

ते परतले त्या वर्षी मुंबई नुकतीच जळून निघाली होती. ६ डिसेंबर १९९२ नंतर आणि पुन्हा जानेवारी १९९३ मध्ये झालेल्या दंगलीत सुमारे ९०० माणसे मृत्युमुखी पडली. शेजारी शेजाऱ्यास ओळखेनासा झाला. आणि ज्या भिवंडीचे नाव काढताच अंगावर काटा यावा, ती भिवंडी मात्र त्या वेळी शांत राहिली. हे कसे झाले? १९८४ च्या अनुभवाने शहाणे होऊन, १९८८ पासून तेथील पोलीस उपायुक्त श्री. सुरेश खोपडे यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यांत समित्या स्थापिल्या होत्या. त्यांत हिंदूही होते, मुसलमानही होते. पुढारी कमी आणि रोज एकमेकांस दिसणारी साधी माणसे अधिक. नळाचे भांडण, गटाराचे भांडण, लाउडस्पीकरचे भांडण, ते लहान आहे तोवरच समितीत बसून मिटवावयाचे, म्हणजे त्याचे धर्माचे भांडण होत नाही. अफवा उठली तर ती खरी की खोटी हे विचारावयास ओळखीचा पोलीस असावयाचा, आणि पोलिसास विचारावयास ओळखीचा नागरिक. एवढीच ती युक्ती. ती एका मराठी अधिकाऱ्याने शोधली, ह्याचा आपणा सर्वांस अभिमान वाटावा.

मुंबईच्या दंगलीनंतर तत्कालीन पोलीस कमिशनर श्री. सतीश साहनी, समाजकार्यकर्त्या श्रीमती सुशोभा बर्वे आणि रिबेरो यांनी मुंबईत मोहल्ला समित्यांचे काम उभे केले. निवृत्त महासंचालक झोपडपट्ट्यांच्या गल्ल्यांतून हिंडू लागले. पूर्वी त्यांच्या गाडीपुढे शिट्ट्या वाजत. आता ते लोकांच्या चटईवर बसून त्यांची गाऱ्हाणी ऐकू लागले. वस्तीतली मुले आणि पोलीस शिपाई यांचे एकत्र संघ करून क्रिकेटचे सामने भरविण्यात आले. ज्या मुलाने शिपायाच्या हाती फक्त काठी पाहिली होती, त्याने त्याच हाती बॅट पाहिली. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु ज्याने दंगल पाहिली आहे त्याला ती क्षुल्लक वाटणार नाही.

१९९८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून पोलीस-सुधारणांविषयी एक समिती नेमण्यात आली; तिचे अध्यक्षपद रिबेरो यांच्याकडे आले. निवृत्त अधिकारी श्री. प्रकाश सिंग यांनी १९९६ साली ह्या विषयावर दाद मागितली होती. त्या खटल्याचा निकाल २२ सप्टेंबर २००६ रोजी लागला. पोलीसप्रमुखांस व ठाणेदारांस निदान दोन वर्षे एका जागी राहू द्यावे, गुन्ह्याचा तपास आणि बंदोबस्त ही कामे वेगळी करावीत, पोलिसांविरुद्ध तक्रार ऐकण्यास स्वतंत्र यंत्रणा असावी, अशा आज्ञा त्या निकालात आहेत. ह्यांचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की, ज्या ठाणेदाराची बदली पुढाऱ्याच्या एका चिठ्ठीने होते, तो गरिबाची फिर्याद कशाच्या बळावर लिहून घेईल? पोलिसाचा कणा ताठ राहावा असे वाटत असेल, तर तो वाकविणारा हात आधी धरला पाहिजे.

आता वर्ध्याकडे वळतो. हेमंत करकरे हे नाव येथे कोणाला सांगावे लागत नाही. नागपूरकडचा हा मुलगा. त्यांचे प्राथमिक शिक्षण आपल्या वर्धा गावी नगरपालिकेच्या शाळेत झाले. पुढे नागपुरास इंजिनियर होऊन ते पोलीस सेवेत शिरले. चंद्रपूर जिल्ह्यात पोलीस अधीक्षक असताना जंगलातील वाळक्या लाकडांतून ते मूर्ती कोरीत. २००८ साली ते महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख होते. मालेगावच्या स्फोटाचा तपास त्यांच्याकडे होता, आणि त्यावरून चहूकडून त्यांच्यावर टीकेची झोड उठली होती. अशा दिवसांत, मृत्यूच्या अगदी थोडेच आधी, करकरे रिबेरो यांच्या भेटीस गेले आणि त्यांनी आपले मन त्यांच्यापाशी मोकळे केले, असे रिबेरो यांनीच पुढे सांगितले आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर अतिरेक्यांचा हल्ला झाला, आणि कर्तव्य करीत असता करकरे धारातीर्थी पडले. २००९ साली त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले.

बंधुभगिनींनो, त्या भेटीचे चित्र क्षणभर डोळ्यांसमोर आणा. एक हिंदू, एक ख्रिस्ती. एक चोपन्नाव्या वर्षातला, कामाच्या भरात असलेला. दुसरा ऐंशीच्या घरात आलेला. त्या वृद्धाच्या हाती आता बदलीचा अधिकार नाही, बढतीचा नाही, एक शिपाईही त्याच्या हुकमात नाही. तरीही संकटात सापडलेल्या सेवेतल्या माणसाला त्याच्याच दाराची आठवण व्हावी! पद गेल्यावर मनुष्यापाशी काय उरते, ह्याचे ह्याहून स्पष्ट उत्तर मला माहीत नाही. ज्याच्या दाराशी लोक फक्त पदासाठी येतात, त्याचे दार निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सुने पडते. ज्याच्या दाराशी लोक विश्वासाने येतात, त्याला निवृत्ती नाही.

आणखी एक गोष्ट टाळता येत नाही. १६ मार्च २०१५ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षात, रिबेरो यांनी एका इंग्रजी दैनिकात लेख लिहिला, आणि आपल्याच देशात आपण एकाएकी परके झालो आहोत असे वाटते, ही व्यथा त्यात मांडली. त्यावर पुष्कळ वाद झाला. कोणाला ते बोल पटले, कोणाला बोचले. त्या वादात मी शिरत नाही. मला एवढेच दिसते की, ज्याने देशासाठी दोनदा गोळ्या झेलल्या, त्याने ती व्यथा देशबांधवांसमोर उघडपणे मांडली. देश सोडून जाण्याची भाषा केली नाही, की कोणाविषयी द्वेष पसरविला नाही. लेकरू रुसते ते आईवरच. परक्या बाईवर कोणी रुसत नाही. त्यानंतरही कायद्यापुढे सर्व समान असावेत, हे ते लिहीतच राहिले. स्वधर्मीयांसाठी लिहिले तसे परधर्मीयांसाठीही लिहिले. हे दुसरे अधिक कठीण असते.

आता ह्या सर्वांचा आपल्या धर्माशी आणि आपल्या ज्युबिलीशी काय संबंध, ते सांगून मी बसतो.

शुभवर्तमानात दोन सरकारी अधिकारी आहेत, आणि दोघांचीही आठवण आपण उपासनेत वारंवार काढतो. पहिला पिलात. हातात सापडलेला मनुष्य निर्दोष आहे हे त्याला पक्के ठाऊक होते. परंतु जमाव ओरडत होता, वरचा साहेब रागावण्याची भीती होती, जागा जाण्याची भीती होती. त्याने पाणी मागविले आणि हात धुतले. ते हात आजतागायत स्वच्छ झाले नाहीत. श्रद्धा-प्रतिज्ञेत त्याचे नाव येते, ते त्याच्या भित्रेपणाची साक्ष म्हणून. दुसरा कफर्णहूमचा शताधिपती. शंभर शिपायांचा नाईक, परक्या सत्तेचा नोकर, यहुदी लोकांच्या दृष्टीने विटाळलेला. त्याचा चाकर आजारी पडला, आणि हा अधिकारी चाकरासाठी विनवणी करू लागला. प्रभूने आपल्या घरात पाऊल ठेवावे एवढी आपली योग्यता नाही, असे त्याने नम्रपणे कळविले. आणि आपणही कोणाच्या तरी अधिकाराखालीच आहोत, हे तो विसरला नाही. इतका विश्वास इस्राएलातही आढळला नाही, असा त्याचा गौरव प्रभूने केला. प्रत्येक मिस्साबलिदानात, ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी, आपण त्याच शिपाईगड्याचे शब्द आपल्या तोंडी घेतो. विचार करा: धर्मगुरू, बिशप, खुद्द पोपमहाशयसुद्धा त्या क्षणी ज्याचे शब्द उच्चारतात, तो कोणी पुरोहित नव्हता, तो गणवेषातला मनुष्य होता!

पिलाताला वाटले, अधिकार माझा आहे. म्हणून तो जाईल ह्या भीतीने त्याने निरपराध्याचा बळी दिला. शताधिपतीला ठाऊक होते, अधिकार मजकडे ठेवलेला आहे. म्हणून तो चाकरासाठी वाकू शकला. फरक एवढाच आहे, आणि एवढ्या फरकावर राज्ये तरतात किंवा बुडतात.

ज्युबिलीचाही अर्थ तोच. जुन्या करारात पन्नासावे वर्ष आले की गहाण पडलेली जमीन मूळ धन्यास परत जाई, दास मोकळे होत. कारण भूमी देवाची. माणसे केवळ तिचे राखणदार. आपल्याजवळ जे आहे ते आपले नव्हे, कोणीतरी विश्वासाने ठेवावयास दिलेले आहे, ते एक दिवस परत करावयाचे आहे, ह्याची आठवण म्हणजे ज्युबिली. निवृत्त होणारा पोलीस अधिकारी आपला पट्टा, आपली टोपी, आपला दंडुका सरकारजमा करतो, तेव्हा तोही एका अर्थी ज्युबिलीच साजरी करीत असतो. प्रश्न इतकाच की, ठेव परत करताना ती डागाळली की उजळली?

हे सारे ऐकून नुसत्या टाळ्या वाजवून आपण घरी गेलो, तर माझे बोलणे फुकट गेले. म्हणून तीन नम्र सूचना करतो.

पहिली: सणावारापूर्वी आपल्या ठाण्यात शांतता समितीची बैठक भरते. गणेशोत्सव असो, ईद असो, की बौद्ध बांधवांची मिरवणूक असो, त्या बैठकीस आपल्या धर्मग्रामातील कोणी ना कोणी हजर असावे. आपला नाताळ आला म्हणजेच ठाण्याची पायरी चढणे, हे शेजारधर्मास शोभत नाही. भिवंडीने जे साधले, ते सेलूस असाध्य नाही.

दुसरी: पोलिसांपाशी वशिला लावू नये. आपल्या पोराची मोटारसायकल पकडली की आपण फादरांची चिठ्ठी मागावयास धावतो. आणि मग पोलीस निःपक्षपाती नाहीत म्हणून सभेत भाषणे करतो! ठाणेदाराने कणा ताठ ठेवावा असे वाटत असेल, तर तो वाकविणारा पहिला हात आपला असू नये.

तिसरी सूचना तरुणांस. आपल्या मुलामुलींनी पोलीस भरतीकडे हलकी नोकरी म्हणून पाहू नये. ज्या कामात गरिबाचे अश्रू पुसण्याची आणि गरिबास रडविण्याची, अशा दोन्ही शक्ती एकाच हातात असतात, ते काम भल्या माणसांनी सोडून दिले तर ते कोणाच्या हाती जाईल?

बंधुभगिनींनो, रिबेरो यांच्यासारखा मोठा अधिकारी आपल्यातून निघेल किंवा न निघेल. ती देवाची इच्छा. परंतु सेलूच्या ठाण्यातून जो कोणी हवालदार, जमादार, फौजदार आपली पाळी संपवून निवृत्त होईल, त्याच्या निरोपास ह्या धर्मग्रामातून चार माणसे हार घेऊन जातील, असे आजपासून ठरवू या. त्याने आयुष्यभर आपल्या सणांच्या दिवशी स्वतःच्या घरचा सण बुडविला आहे.

भोजनाची वेळ झाली आहे, हे मला दिसते आहे. माझी एकच प्रार्थना आहे: पंगत बसण्यापूर्वी कोणीतरी फाटकापाशी जावे, आणि त्या दोन शिपायांना हाताला धरून आत आणावे. त्यांना वेगळ्या बाकावर नव्हे, तर आपल्या पंगतीत बसवावे. शताधिपतीचे शब्द आपण दर रविवारी उच्चारतो. आज त्याच्या गणवेषातले दोन बांधव आपल्या दाराशी उभे आहेत.

परमेश्वर ह्या धर्मग्रामावर, ह्या गावावर आणि गावाच्या राखणदारांवर कृपादृष्टी ठेवो.